गुन्नार ब्योर्नस्ट्रांड विनोदी नट होता का? हो, आणि शेवटपर्यंत होता

प्रश्न असा आलाय की 'द सेव्हन्थ सील' पाहिला, त्यात सरदाराचा सेवक झालेला नट सगळ्यात जास्त आवडला, पण शोधायला गेलं की सगळीकडे सरदार झालेला मॅक्स फॉन सिडोवच येतो, आणि कुठेतरी वाचलं की हा सेवक मुळात विनोदी सिनेमातला नट होता, तर हे खरं का, त्याचं करिअर नेमकं कसं गेलं आणि त्याचं काम बघायचं तर सुरुवात कुठून करायची.

मी अठ्ठावीस वर्षं नाटकात काम करतोय, त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं नटांना शिकवतो पण, आणि माझ्या वर्गात ज्या एका परदेशी नटाचं काम मी दरवर्षी दाखवतो तो हाच, गुन्नार ब्योर्नस्ट्रांड. त्यामुळे उत्तर लांब होणार, सवडीने वाचा.

आधी थेट उत्तर. हो, विनोदी होता. आणि माझं म्हणणं असं की त्याने विनोद कधी सोडलाच नाही. लोक सांगतात ना की आधी फार्स केले, मग 'सेव्हन्थ सील' चा दिग्दर्शक इंगमार बर्गमन भेटला आणि मग तो 'सिरीयस' झाला, ते मला पटत नाही. विनोदी कामात तो जे शिकला, म्हणजे कुठे थांबायचं, चेहरा कुठपर्यंत कोरा ठेवायचा, समोरच्याचं वाक्य कसं ऐकायचं, तेच सगळं त्याने पुढे गंभीर कामात वापरलं. हत्यारं तीच होती. हे एकदा लक्षात आलं की त्याचं सगळं काम वेगळं दिसायला लागतं.

आता सुरुवातीपासून सांगतो. जन्म 1909, स्टॉकहोम. मूळ आडनाव जोहान्सन, वडील ऑस्कर जोहान्सन हे स्वतः नट. म्हणजे घरातच रंगभूमी. 1933 मध्ये तो ड्रामाटेनच्या, म्हणजे स्टॉकहोमच्या रॉयल ड्रामाटिक थिएटरच्या नाट्यशाळेत गेला. तिथे त्याच्या बरोबर शिकायला कोण होतं तर इन्ग्रिड बर्गमन (दिग्दर्शक इंगमार बर्गमनशी तिचं काही नातं नाही, आडनाव एक आहे एवढंच) आणि सिग्ने हासो. या दोघी पुढे हॉलिवूडला गेल्या. हा कुठे गेला, तर फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वासा नावाचं गाव आहे, तिथे स्वीडिश बोलणारी बरीच वस्ती आहे आणि त्यांचं स्वतःचं थिएटर आहे, तिथे. नाट्यशाळेतच भेटलेल्या लिली लुन्दालशी 1935 मध्ये लग्न झालं होतं, दोघं मिळून गेले आणि दोनेक वर्षं तिथे काढली. छोट्या गावातलं थिएटर म्हणजे प्रेक्षक तेच तेच, त्यामुळे नाटकं सारखी बदलावी लागतात, आज नोकर, उद्या राजा, परवा म्हातारा. ज्याने असं काम केलंय त्याला कळेल की नट तिथे घडतो, नाट्यशाळेत फक्त तयारी होते.

परत स्टॉकहोमला आल्यावर चित्र काही फार उजळ नव्हतं. सिनेमात बारीकसारीक कामं. 1943 साली हाम्पे फाउस्टमनच्या 'नात इ हाम्न', म्हणजे 'बंदरातली रात्र', या सिनेमात तो लोकांच्या नजरेत भरला. तेव्हा तो 33 वर्षांचा. पुढच्या वर्षी 'हेट्स' आला, आल्फ शोबेरीचं दिग्दर्शन, कथा-पटकथा तरुण इंगमार बर्गमनची, त्यात हा एका शिक्षकाच्या छोट्या भूमिकेत आहे, लक्ष नसेल तर निसटूनच जाईल. 1946 मध्ये बर्गमनने स्वतः दिग्दर्शित केलेल्या 'इट रेन्स ऑन अवर लव्ह' मध्ये पण काम केलं.

पण याच काळात पोट कशावर चालत होतं ते बघा. निल्स पोप्पे हा तेव्हाचा स्वीडनमधला फार मोठा कॉमेडियन, त्याचे सिनेमे तुफान चालायचे. 'सोल्डात बोम' हा 1948 चा, सैन्यात गेलेल्या एका भोळ्या माणसाची गोष्ट, त्यात पोप्पेबरोबर ब्योर्नस्ट्रांड आहे. अशी बरीच कामं त्याने केली. या प्रकारच्या सिनेमात मुख्य कॉमेडियन उड्या मारतो, पडतो, तोंडं वेडीवाकडी करतो, आणि त्याच्या समोर एक सरळ माणूस लागतो जो अजिबात हसत नाही, ज्याला वाटतं की आपण फार शहाणे, आपली इभ्रत फार मोठी. प्रेक्षक हसतात पोप्पेला पण तो हशा उभा राहतो या समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर. आपल्याकडे सुद्धा जुने लोक सांगतात की हशा घेणाऱ्यापेक्षा हशा काढून देणारा नट मिळणं अवघड. ब्योर्नस्ट्रांडची तालीम ही अशी झाली, वर्षानुवर्षं.

आणि आता एक गोष्ट सांगतो जी माझ्या विद्यार्थ्यांना सांगितली की दर वेळी चकित होतात. 'सेव्हन्थ सील' मधला तो जॉफ, खेळ करणारा भोळा कलावंत, ज्याला मेरीमाता दिसते, तो निल्स पोप्पे आहे! जगातला सगळ्यात गंभीर सिनेमा म्हणून ज्याचं नाव घेतात त्यातल्या मोठ्या भूमिकांपैकी दोन 'सोल्डात बोम' च्या नटांकडे होत्या. हा योगायोग नव्हता, बर्गमनला नेमकं माहीत होतं त्याला काय हवंय.

पण तिथे पोचायच्या आधी लिफ्ट. 1951 साली स्वीडनमधल्या निर्मात्यांनी करमणूक कराच्या विरोधात शूटिंगच बंद केलं, महिनोन्‌महिने काम ठप्प, त्यात बर्गमनने घर चालवायला 'ब्रिस' नावाच्या साबणाच्या जाहिराती केल्या. बंद संपल्यावर त्याने जो सिनेमा केला तो 'सीक्रेट्स ऑफ विमेन', 1952. त्यातला एक भाग असा की मध्यमवयीन श्रीमंत नवराबायको पार्टीवरून रात्री घरी येतात आणि लिफ्टमध्ये अडकतात, सकाळपर्यंत. नवरा ब्योर्नस्ट्रांड, बायको एव्हा डालबेक. एवढंच आहे. दोन माणसं, एक डबा, आरसे. नवरा आधी सूटबूट घातलेला, आपल्या भारदस्तपणावर खूष, मग हळूहळू हॅट चेपते, ऐट उतरते, बायको एकेक गोष्ट काढत जाते आणि हा माणूस आतून उघडा पडत जातो. आणि उघडा पडल्यावर बरा दिसायला लागतो हे विशेष. मी हा सीन किती वेळा पाहिला असेल मोजता येणार नाही. त्यात नटाला हलायला जागाच नाही त्यामुळे सगळं काम मानेचं, डोळ्यांचं आणि श्वासाचं. बायको काहीतरी बोलते, त्यावर त्याचा चेहरा लगेच बदलत नाही, आधी एक क्षण तो तसाच राहतो जणू वाक्य अजून पोचलेलंच नाही, आणि मग पोचतं. तो जो मधला क्षण आहे ना, तीच त्याची सही. पुढची तीस वर्षं तो तेच करत होता, फक्त विषय बदलले.

सिनेमा लागला तेव्हा बर्गमनने थिएटरच्या बाहेरून लोकांचा हशा ऐकला आणि त्याला विश्वास बसेना की आपल्याला हे जमलं, असं त्यानेच पुढे सांगितलंय. मग त्याने या जोडीला घेऊन पूर्ण कॉमेडी केली, 'अ लेसन इन लव्ह', 1954, त्यात हा स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर. त्याच्या शूटिंगची एक हकीकत आहे. नवराबायकोच्या भांडणाचा एक सीन बर्गमनला कंटाळवाणा वाटायला लागला आणि तो म्हणाला आपण हा काढून टाकू, तर या दोघांनी त्याला सांगितलं की तुम्ही तासभर बाहेर जाऊन या, आम्ही बसवून दाखवतो. आणि बसवून दाखवला. मला ही हकीकत फार महत्त्वाची वाटते कारण बर्गमन म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे हुकूमशहा दिग्दर्शक येतो आणि नट म्हणजे त्याच्या हातातलं मातीचं भांडं. तसं नव्हतं. विनोदाची जाण त्या दोन नटांना त्याच्यापेक्षा जास्त होती आणि तो त्यांच्याकडून शिकला. मग 1955 मध्ये 'स्माइल्स ऑफ अ समर नाइट' होतो, जो 1956 ला कान फिल्म फेस्टिव्हलला जाऊन बक्षीस घेऊन येतो आणि बर्गमनचं नाव जगभर होतं. त्यात मुख्य भूमिका कोणाची? ब्योर्नस्ट्रांडची. वकील फ्रेड्रिक एगरमन, अतिशय टापटीप माणूस, कोवळ्या वयाची बायको, आणि झोपेत नाव घेतो जुन्या प्रेयसीचं. रात्री त्या प्रेयसीच्या घरी जाताना दारातल्या डबक्यात पडतो, ओले कपडे काढून कोणाचा तरी नाइटशर्ट घालतो आणि नेमका ज्याचा नाइटशर्ट तो काउंट दारात उभा. हा प्रसंग नुसता वाचला तर बटबटीत वाटेल. तो इतक्या सभ्यपणे करतो की लाज त्याच्याऐवजी आपल्याला वाटायला लागते. शेवटी त्या काउंटबरोबर पिस्तुलाचा जीवघेणा खेळ होतो, गोळी सुटते, आणि निघतं काय तर पिस्तुलात काजळी भरलेली, हा काळंठिक्कर तोंड घेऊन बसलेला. तोपर्यंत त्याची बायको त्याच्याच मुलाबरोबर पळून गेलीय. सगळं गेलंय आणि तोंडाला काळं. विदूषकाचाच मेकअप झाला की तो. आणि त्या काळ्या तोंडातून त्याचे डोळे बघा, तिथे हसू येत नाही.

मध्ये एक राहिलं, 1953 चा 'सॉडस्ट अँड टिन्सेल'. त्यात तो नाटक कंपनीचा डायरेक्टर आहे, एकच मोठा सीन आहे, सर्कसचा मालक त्याच्याकडे कपडे उसने मागायला येतो आणि हा त्याचा असा काही पाणउतारा करतो की ऐकवत नाही. तुमची कला आणि आमची कला यात फरक काय ते सांगतो. नटाने नटाचा केलेला अपमान आहे तो. पोप्पेसमोरचा जो ऐटबाज माणूस, तोच इथे क्रूर झाला, बस. त्याला वेगळं काही करावं लागलं नाही.

आता तुमचा 'सेव्हन्थ सील'. 1956 च्या उन्हाळ्यात 35 दिवसांत शूट केलेला सिनेमा, बराचसा स्टॉकहोमजवळच्या रोसुंदा स्टुडिओत आणि तो समुद्रकिनारा म्हणजे दक्षिणेकडचं होव्स हालार. सरदार झालेला फॉन सिडोव तेव्हा 27 चा होता, आपल्याला वाटतो पन्नाशीचा. ब्योर्नस्ट्रांड 46 चा. हा 19-20 वर्षांचा फरक त्या जोडीत फार काम करतो. सरदार विचार करतो, प्रश्न विचारतो, उत्तर मागतो, आणि त्याच्या मागे घोड्यावर बसलेला सेवक यॉन्स सगळं बघून झालेला आहे. मूळ ही एक एकांकिका होती, माल्मोच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली, आणि त्यात सरदार मुका होता, शत्रूंनी जीभ कापलेली, त्यामुळे बोलायचं काम सेवकाकडेच. सिनेमात सरदाराला वाचा आली तरी यॉन्सची वाक्यं धारदारच राहिली. म्हणजे तुम्हाला तो सगळ्यात जास्त आवडला यात नवल नाही, गोष्ट मुळात त्याच्या तोंडून सांगितली जात होती.

सुरुवातीचा एक छोटा प्रसंग परत बघा. यॉन्स घोड्यावरून उतरून रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका माणसाला वाट विचारायला जातो, त्याला हलवतो, तर ते प्रेत, डोळ्यांच्या खोबणी झालेल्या. परत येऊन घोड्यावर बसतो. सरदार विचारतो काय म्हणाला, वाट दाखवली का. नाही. काय बोलला? काही नाही. मुका होता का? तर यॉन्स म्हणतो की तसं म्हणता येणार नाही, चांगलाच बोलका होता. आता हा शुद्ध विनोदी संवाद आहे, सवाल-जवाब, तीन पायऱ्या आणि चौथ्याला पंच, कुठल्याही फार्समध्ये बसेल. पण समोर प्लेगने मेलेलं माणूस आहे. तो ते वाक्य जोरात टाकत नाही, त्याच्यावर उगाच वजन देत नाही, जाता जाता बोलून टाकतो, आणि घाबरलेला आहे हे आपल्याला त्याच्या पाठीवरून कळतं. मी विद्यार्थ्यांना सांगतो की हेच वाक्य तीन प्रकारे म्हणून बघा, सगळे पहिल्यांदा ते 'भारी' करून म्हणतात आणि सगळ्यांचं पडतं.

तसंच चर्चमधल्या चित्रकाराबरोबरचा सीन, मुक्या मुलीला वाचवतानाचा सीन, आणि अगदी शेवटी मृत्यू दारात आल्यावर सगळे प्रार्थना करतात, हात जोडतात, आणि यॉन्स म्हणतो गप्प राहतो, पण निषेध नोंदवून. शेवटचा तो टेकडीवरचा नाच तर तुम्हाला माहीतच असेल, त्याची गंमत अशी की ढग चांगला आला म्हणून अचानक शूट करायचं ठरलं आणि बरेच नट तोपर्यंत निघून गेले होते, म्हणून युनिटमधली माणसं आणि तिथे फिरायला आलेले एक-दोन लोक त्यांच्या कपड्यात उभे केले. म्हणून त्या सावल्यांमध्ये यॉन्सचा अभिनय शोधू नका.

'सेव्हन्थ सील' लागला त्याच वर्षी, 1957 मध्येच, 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'. इथे तो म्हाताऱ्या प्रोफेसरचा मुलगा एव्हाल्ड, आणि वडील झालेत व्हिक्टर शोस्त्रोम, स्वीडिश मूकपटांचे आद्य दिग्दर्शक. काम थोडं आहे. पावसात गाडीत बसून बायकोला सांगतो की मला मूल नको, मला जगायचीच हौस नाही. 'स्माइल्स' मधला वकील आणि हा, दोन वर्षांचं अंतर आहे फक्त, आणि तेच टापटीप बोलणं, तोच कोरा चेहरा, पण आता आत काहीच नाही असं वाटून अंगावर काटा येतो. 1958 च्या 'द मॅजिशियन' मध्ये तो विज्ञानवादी डॉक्टर व्हर्गेरुस, माळ्यावर जादूगार त्याला जिवाच्या भीतीने थरथरायला लावतो आणि बाहेर आल्यावर हा म्हणतो क्षणभर मरणाची भीती वाटली, बाकी काही नाही. परत तीच जागा बघा, इभ्रत सावरणारा माणूस.

1961 चा 'थ्रू अ ग्लास डार्कली' फोरो बेटावर झाला, चारच नट, ऑस्कर मिळालं त्याला. त्यात हा लेखक-बाप, ज्याने मुलीच्या आजारपणाचं निरीक्षण करून त्यावर लिहायचा मोह डायरीत नोंदवलाय आणि मुलगी ते वाचते. बाहेर अंगणात जेवण चाललंय, बाप म्हणतो तंबाखू घेऊन येतो, आत जातो, आणि खोलीत एकटा हुंदके देऊन रडतो. मग स्वतःला सावरून परत बाहेर येऊन बसतो. या सीनमध्ये नटांनी बघायचं ते रडणं नाही, रडणं सगळ्यांनाच येतं. बघायचं ते परत येणं.

आणि मग 'विंटर लाइट'. 1961 च्या ऑक्टोबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत शूटिंग, 1963 च्या फेब्रुवारीत रिलीज. माझ्या मते गेल्या शतकातल्या सिनेमातल्या पाच-सहा मोठ्या कामांपैकी हे एक, आणि हे मी विचार करून लिहितोय. मी हा सिनेमा पहिल्यांदा पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या शोला पाहिला तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला काहीही कळलं नव्हतं, कंटाळलो होतो खरं सांगायचं तर. दहा वर्षांनी परत पाहिला, तोपर्यंत स्वतः तीनचारशे प्रयोग केले होते, आणि सिनेमा संपल्यावर बराच वेळ उठताच येईना.

गोष्ट एका दुपारची. गावातल्या चर्चचा पाद्री टोमास, बायको वारलीय, सर्दी-तापाने बेजार, प्रभुभोजनाला मोजकीच डोकी आलेली. एक कोळी (इथे मॅक्स फॉन सिडोव, आणि इथे तो दुय्यम आहे!) अणुबॉम्बच्या भीतीने खचलेला, त्याची बायको त्याला धीर द्या म्हणून घेऊन येते. पाद्री धीर द्यायच्या ऐवजी स्वतःचीच शंका त्याच्यापुढे ओततो, देव नाहीच म्हणतो, आणि तो माणूस जाऊन आत्महत्या करतो. शिवाय शाळेतली बाई मेर्ता, इन्ग्रिड तुलीन, तिचं त्याच्यावर प्रेम, तिला हा वर्गात बसून असं काही बोलतो, तिच्या अंगावरचं पुरळ, तिचा चष्मा, तिची काळजी, सगळ्याचा कसा वीट आलाय ते एकेक करून, की बघणाऱ्याने मान खाली घालावी.

बर्गमनचे वडील स्वतः लुथरन पाद्री, म्हणजे हा घरातला विषय. सिनेमॅटोग्राफर स्वेन नीक्विस्टने आणि त्याने आधी चर्चमध्ये तासन्‌तास बसून प्रकाश कसा सरकतो ते बघितलं, आणि सावली न पडणारा तो करडा उजेड तयार केला. नटासाठी याचा अर्थ काय तर लपायला जागा नाही. सावली नसेल तर चेहऱ्यावरचं प्रत्येक खोटं दिसतं. त्यात भूमिका अशी की कुठल्याच प्रेक्षकाला आवडणार नाही. ब्योर्नस्ट्रांडला ती जड गेली, शूटिंगच्या काळात त्याची तब्येत पण बरी नव्हती आणि इतका न आवडण्यासारखा माणूस रंगवणं त्याला त्रासाचं होत होतं. विल्गोत शोमनने या सिनेमाच्या जडणघडणीवर स्वीडिश टीव्हीसाठी पाच भागांची डॉक्युमेंटरी केलीय, मिळाली तर जरूर बघा.

आता तुम्ही म्हणाल यात विनोद कुठे आला. तर सांगतो. 'सेव्हन्थ सील' मध्ये किंवा लिफ्टमध्ये तो चेहरा कोरा ठेवायचा आणि मग योग्य जागी तो तुटायचा, त्या तुटण्यावर हशा यायचा. 'विंटर लाइट' मध्ये पण पूर्ण वेळ चेहरा कोरा आहे, आपण वाट बघतो की आता तुटेल, आता तुटेल, आणि तो तोडतच नाही. विनोदी नटाने लाफ्टरची जागा रोखून धरावी तसं त्याने रडण्याची जागा रोखून धरलीय, ऐंशी मिनिटं. खोकला, नाक पुसणं, चष्मा, घड्याळाकडे बघणं, एवढंच करतो. ही शिस्त टायमिंग कळल्याशिवाय येत नाही. ज्याला फटका कुठे मारायचा हे माहीत आहे त्यालाच तो कुठे मारायचा नाही हे कळतं. नुसत्या गंभीर नटाने हा पाद्री केला असता तर तो पहिल्या वीस मिनिटांत दुःखी दिसला असता आणि आपल्याला त्याची दया येऊन सिनेमा तिथेच संपला असता.

कोळ्याचं प्रेत नदीकाठी सापडतं तो सीन लांबून घेतलाय, धबधब्यासारखा पाण्याचा आवाज, कोण काय बोलतंय ऐकू येत नाही. नट दूर, चेहरा दिसत नाही, आवाज नाही. फक्त एक काळा कोट घातलेला माणूस कसा उभा राहतो ते आहे. आणि त्या उभं राहण्यातून सगळं कळतं.

त्यानंतरची वीस वर्षं मी भराभर सांगतो, कारण मोठ्या भूमिका कमी झाल्या. 'पर्सोना' मध्ये (1966) काळा चष्मा लावलेला नवरा, जेमतेम काही मिनिटं. 'शेम' मध्ये (1968) याकोबी, गावचा अधिकारी, युद्धात सत्ता हातात आली की एकटा माणूस काय मागतो ते त्यात आहे आणि त्याला शेवटी गोळी घालायला लावतात ती मॅक्स फॉन सिडोवच्या हातून, सरदाराने सेवकाला मारावं तसं मला ते नेहमी वाटतं. टीव्हीसाठी केलेला 'द राइट' 1969 चा. बर्गमनच्या बाहेर पण त्याने काम केलं, माय सेटरलिंगच्या 'लव्हिंग कपल्स' आणि 'द गर्ल्स' मध्ये आहे, शोमनच्या सिनेमात आहे. फॉन सिडोव 1965 पासून हॉलिवूडमध्ये गेला, म्हणून जगाला त्याचं नाव माहीत. ब्योर्नस्ट्रांड स्वीडनमध्ये स्वीडिशमध्येच काम करत राहिला. तुमच्या 'सगळीकडे फॉन सिडोवच का' याचं निम्मं उत्तर हे. आणि उरलेलं निम्मं असं की फॉन सिडोवचा चेहरा पोस्टरवर शोभतो आणि ब्योर्नस्ट्रांडचा चेहरा बँकेतल्या साहेबासारखा आहे.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1933 च्या वर्गातली इन्ग्रिड बर्गमन. ती जगप्रसिद्ध झाली, हा वासाला गेला. 1967 मध्ये 'स्टिमुलान्शिया' नावाचा अनेक दिग्दर्शकांचा मिळून सिनेमा आला, त्यात म्हाताऱ्या गुस्ताफ मोलान्दरने मोपासांची नेकलेसची गोष्ट केली, नवरा-बायको म्हणून हे दोघं. आणि मग 1978 चा 'ऑटम सोनाटा', तिचं शेवटचं मोठं सिनेमातलं काम, त्यात ती पियानोवादक आई आणि हा तिचा एजंट पॉल. शेवटाकडे ट्रेनच्या डब्यात दोघं समोरासमोर, ती बोलत राहते, मुलींबद्दल, स्वतःबद्दल, आणि हा एक शब्द बोलत नाही. फक्त ऐकतो. ज्याने सगळी उमेदवारी दुसऱ्याचं वाक्य ऐकण्यात काढली त्याने 45 वर्षांपूर्वीच्या वर्गमैत्रिणीचं ऐकून घ्यायचं, यापेक्षा योग्य भूमिका काय असणार. ते कसं ऐकतोय ते बघा, तिचं खरं किती आणि खोटं किती ते त्याच्या तोंडावर वाचता येतं.

आता कुठून सुरुवात करायची. 'विंटर लाइट' पासून करू नका, माझी चूक तुम्ही करू नका. आधी 'सीक्रेट्स ऑफ विमेन' मधला लिफ्टचा भाग, नुसता तेवढाच बघितला तरी चालेल. मग 'स्माइल्स ऑफ अ समर नाइट' पूर्ण. मग 'सेव्हन्थ सील' परत, यावेळी फक्त यॉन्सवर लक्ष ठेवून, दुसरा कोणी बोलत असताना तो काय करतो तेवढंच बघत. मग 'सॉडस्ट अँड टिन्सेल' मधला तो एक सीन. मग थोडे दिवस जाऊ द्या आणि 'विंटर लाइट', एकट्याने, मध्ये न थांबता. तुम्ही स्वतः नट असाल तर लिफ्टचा सीन एकदा आवाज बंद करून पण बघा, त्याचे श्वास मोजता येतात.

आणि सगळ्यात शेवटी 'फॅनी अँड अलेक्झांडर', 1982. ब्योर्नस्ट्रांड सत्तरी ओलांडलेला, आजाराने स्मरणशक्ती दगा देत होती, वाक्यं राहत नव्हती. बर्गमनने त्याला नाटक कंपनीतल्या म्हाताऱ्या नटाची, फिलिप लांदालची भूमिका दिली, आणि त्यात शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' मधल्या विदूषकाचं ते पावसाचं गाणं. म्हणजे शेवटी परत विदूषकच. सिनेमात ते थोडाच वेळ आहे, पण शूटिंगवरची जी डॉक्युमेंटरी बर्गमनने नंतर, 1986 ला आणली, ब्योर्नस्ट्रांड गेला त्याच वर्षी, त्यात ते कसं झालं ते आहे. म्हातारा नट विदूषकाच्या वेशात उभा, ओळ सुरू करतो, अडखळतो, थांबतो. परत. परत अडखळतो. दिग्दर्शक आवाज चढवत नाही, घाई करत नाही, परत सांगतो, चाळीस वर्षांची ओळख आहे त्या सांगण्यात. आणि प्रत्येक वेळी नवीन टेक सुरू व्हायच्या आधी ब्योर्नस्ट्रांड पुन्हा सरळ उभा राहतो, आणि गाणं पहिल्या शब्दापासून सुरू करतो.